तारमास्तर आणि साधा मजकूर

तारमास्तर गेले, हे आमच्या ई-मेलच्या लिस्टवर कळवायचं काम माझ्याकडे आलं. विषयाच्या ओळीत मी लिहिलं: 'इनास तारमास्तर यांचे आज सकाळी निधन, अंत्यविधी उद्या चार वाजता, गावच्या चर्चमध्ये'. विषय वाचूनच बातमी कळली पाहिजे, आत शिरावं लागलं तर विषय फसला, ही त्यांचीच शिकवण. त्यामुळे आत काही लिहायला उरलंच नाही, खाली फक्त माझं नाव. पाठवायच्या आधी सवयीने बघितलं, साधा मजकूरच आहे ना. होता. मग मात्र मला रडू आवरेना. स्वयंपाकघरातून आमचे हे बाहेर आले आणि शेजारी बसले.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये माणसं बरीच होती. फिलू नव्हती. फिलू म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. तिला कळवायचं कुठे, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

इनास तारमास्तर मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. कानाला हेडफोन लावून बोटाने कट्ट-कडकट्ट करत बातम्या घ्यायच्या आणि द्यायच्या, हा त्यांचा धंदा. गावाने त्याला सरळ तारमास्तर करून टाकलं. पुढे जहाजांवर उपग्रह आले, तारमास्तर कोणाला नको झाले, आणि हे गृहस्थ घरी येऊन मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारात, हार्डवेअरच्या दुकानावरच्या माडीत, कॉम्प्युटरचा वर्ग काढून बसले. मी तेव्हा कट्ट्याच्या शाळेत शिक्षिका होते. मराठी टायपिंग शिकायला म्हणून गेले आणि वीस वर्षं त्या माडीतून उतरले नाही.

वर्गात भिंतीवर दोन घड्याळं होती. एक आपलं, एक लंडनचं. जहाजावर सगळा कारभार लंडनच्या वेळेवर चालतो, म्हणून मास्तरांच्या खुर्चीसमोर लंडनचं घड्याळ आणि आमच्यासमोरही लंडनचंच. आपलं घड्याळ दाराच्या वर, पाठीमागे. नव्या पोरी समोरच्या घड्याळात बघून निवांत बसायच्या आणि खाली कट्ट्याच्या स्टॉपवरून मालवणची गाडी निघून जायची. कोणी तक्रार केली की मास्तर म्हणायचे, "घड्याळ बरोबर आसा. तुमी चुकीच्या गावात आसास."

कानावर पेन्सिल, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि विचार करताना टेबलावर टकटकणारं उजव्या हाताचं मधलं बोट. त्या बोटाला स्वतःचं डोकं होतं. समोरचा फार लांबण लावायला लागला की ते आपोआप चालू व्हायचं. एकदा मी विचारलं, काय बोलतंय हो ते? म्हणाले, "काय नाय. पुरे, पुरे म्हणता."

आता लिस्टबद्दल सांगायला हवं, कारण हल्लीच्या मुलांना ती ठाऊक नाही. एका पत्त्यावर ई-मेल पाठवायची आणि ती गटातल्या सगळ्यांना पोचायची, एवढीच गोष्ट. आमच्या पट्ट्यातली बरीच माणसं जहाजावर, आखातात, मुंबईत. घरची बातमी त्यांना एकदम कळावी म्हणून मास्तरांनी ती काढली. कोणाला मूल झालं, कोणाची आई आजारी, शाळेला शिक्षक मिळाला की नाही, काजूचं पीक कसं आलं. माझे यजमान तेव्हा जहाजावर फिटर होते. दुपारच्या सुट्टीत मी दोन ओळी लिहायचे, त्या त्यांना समुद्रात मिळायच्या. हे मला तेव्हा चमत्कारासारखं वाटायचं, आजही वाटतं.

लिस्टचा सगळ्यात कडक नियम झाला तो माझ्यामुळे. ई-मेल दोन तऱ्हेची असते. एक साधा मजकूर, म्हणजे नुसती अक्षरं. दुसरीला एचटीएमएल म्हणतात, तिच्यात रंग, ठळक अक्षरं, मागे गुलाबी कागद, चित्रं, सगळा थाट. मास्तर तिला 'नटलेलं पत्र' म्हणायचे. एका वर्षी चतुर्थीला मी उत्साहाच्या भरात एक गणपती पाठवला. पाठीमागे झगमगणारी आरास, समया लुकलुकतायत, अक्षरं सोनेरी. अख्ख्या लिस्टला.

तिसऱ्या दिवशी मास्तर माझ्या टेबलाशी आले.

"बाई, तुमी गणपती धाडलास?"

"हो. कसा वाटला?"

"बरो आसा. पण जहाजार एकच कॉम्प्युटर, आणि बारीक नळी. तुमचो गणपती तेच्यात मावाक नाय. सगळ्यांची पत्रां दोन दीस तेच्या मागे उभी रवली."

त्या उभ्या राहिलेल्या पत्रांत शिरोड्याच्या एका खलाशाला घरून आलेलं पत्र होतं. त्याला मुलगी झाली होती. ते त्या बिचाऱ्याला दोन दिवस उशिरा कळलं. मी ओशाळून काही बोलणार तोवर मास्तर जागेवर जाऊन बसले, आणि मिनिटभरात माझ्या कॉम्प्युटरवर त्यांची ई-मेल आली: 'आपले पत्र नटलेले आहे. या लिस्टवर फक्त साधा मजकूर स्वीकारला जातो. कृपया साध्या मजकुरात पुन्हा पाठवावे. इनास.' तीन फुटांवर बसून!

"मास्तर, मी हंयच बसलंय," माझीही मालवणी बाहेर आली, "तोंडान सांगा मगे!"

"तोंडान सांगितलेला रजिस्टरात येणा नाय."

रजिस्टर हा त्यांचा दुसरा देव. जहाजावर प्रत्येक तारेची नोंद ठेवायची सवय, ती सुटली नाही. लिस्टवर येणारं प्रत्येक पत्र आधी त्यांच्याकडे थांबायचं. ते पेन्सिलीने लिहायचे: वेळ, कोणाकडून, विषय, केवढं, काय केलं. शेवटच्या रकान्यात 'पुढे' किंवा 'परत'. परत म्हणजे वरचं तीन वाक्यांचं पत्र. ते आमच्या पंचक्रोशीत इतकं प्रसिद्ध झालं की लग्नात एखादी बाई जास्त दागिने घालून आली की कोणीतरी म्हणायचंच, साध्या मजकुरात पुन्हा पाठवावे.

इतर नियमही होते. उत्तर लिहिताना समोरच्याचं अख्खं पत्र खाली लटकवायचं नाही. लागेल तेवढीच ओळ ठेवायची, बाकी कापायची, आणि आपलं उत्तर त्या ओळीच्या खाली लिहायचं, वर नाही. "आदी प्रश्न, मगे उत्तर," ते समजवायचे. "कोर्टात साक्षीदार आदी उत्तर देता आणि वकील मगे प्रश्न विचारता काय?" आणि भांडणाचं पत्र जेवल्याशिवाय पाठवायचं नाही. हा नियम बांद्याच्या दोन चुलतभावांमुळे झाला. काजूच्या कलमांवरून त्यांची लिस्टवर जुंपली, एक घरी, एक कुवेतला. मास्तरांनी दोघांना कळवलं, आधी जेवा. पुढचं पत्र आलं त्याची पहिली ओळ होती: 'मी जेवलो आहे.' पण खालचं भांडण मात्र खरोखरच निम्मं झालं होतं.

असं सगळं हसण्यावारी चालायचं. पण मला एक दिसायचं. रोज सकाळी कॉम्प्युटर चालू झाला की मास्तर कामाला वरून सुरुवात करत नसत. आधी त्यांचं बोट पाठवणाऱ्यांच्या नावांवरून सरसर खालपर्यंत जायचं, तळाशी थांबायचं, मग ते पुन्हा वर यायचे आणि पहिलं पत्र उघडायचे. ते कोणाचं नाव शोधतात हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

एका दुपारी वीज गेली होती. कॉम्प्युटर बंद, पोरी घरी गेलेल्या. मास्तर खिडकीशी बसले होते. काय निघालं कोण जाणे, म्हणाले, "बाई, रुजाय गेली ती तार मीच घेतलंय."

रुजाय म्हणजे त्यांची बायको. जहाज आफ्रिकेच्या बाजूला कुठेतरी होतं. ड्यूटीवर हेच. कानात आधी जहाजाची खूण आली, मग ज्याच्यासाठी तार त्याचं नाव. नाव यांचंच.

"हात थांबाक नाय," ते म्हणाले. "इतक्या वर्सांचो सराव. कान आयकता, हात लिवता. सात शब्द. 'रुजाय वारली. फिलू आमच्याकडे आहे. काळजी नसावी.' मगे पोच दिलंय."

"पोच?"

"मिळाली म्हणान सांगूचा लागता. काय पण येवदे, ऑपरेटरान आदी पोच देवची. रडूचा ता मगे." त्यांचं बोट खिडकीच्या चौकटीवर टकटकत होतं. "माज्या आयुष्यातली सगळ्यात मोटी बातमी सात शब्दांत इली. तेच्यात काय कमी होता, सांगा?"

पुढचं बंदर यायला तेवीस दिवस लागले. तोवर सगळं आटोपलं होतं. फिलू बारा वर्षांची, म्हापशाला मावशीकडे राहिली ती राहिलीच. मास्तर परत जहाजावर गेले आणि तिला पत्रं लिहीत राहिले. 'फी भरली. अभ्यास कर. नीट राहा. पप्पा.' मी त्यांना दोष देत नाही. ज्या माणसाला दुःख सात शब्दांत मिळालं, त्याने मायाही सात शब्दांत दिली तर नवल काय? पण पोरीला ते कसं कळावं?

नर्स होऊन फिलू परदेशी निघाली तेव्हा म्हणाली, "पप्पा, आईची तार घेतलास तेच्यानंतर तुमी माज्याकडे तारेतच बोलतास. माका एकदा पत्र होयां." मास्तरांनी काय उत्तर द्यावं? म्हणाले, "पोचलंस काय कळव." तिने कळवलं. एकच शब्द, 'पोचलंय'. त्यानंतर काही नाही. तो शब्द त्यांनी छापून घेतला होता आणि रजिस्टरच्या पहिल्या पानाला चिकटवला होता. रजिस्टर भरलं की सोडवून नव्या रजिस्टरला.

"तुम्ही लिहा ना तिला," मी त्या दुपारी म्हटलं.

"काय लिवतलंय? माका येणा नाय, बाई. ती लिवात. मगे मी बगतंय."

पुढे काळ बदलला, जहाजांवर मोबाइल चालायला लागले, जो तो व्हॉट्सॲपवर गेला. तिथे सकाळी उठल्यापासून गुलाब आणि सुविचार. मास्तरांनी फोन घेतला तो नुसता बोलायचा, बटणांचा. वर्ग बंद झाला, कॉम्प्युटर आणि लंडनचं घड्याळ त्यांच्या घरी गेलं. लिस्टवर अकरा-बारा म्हातारी माणसं उरली. तरी नियम तेच, रजिस्टर तेच, आणि सकाळी सरसर खाली जाणारं बोट तेच. डोळे मात्र जायला लागले. म्हणून मी, निवृत्त झाल्यावर, रोज सकाळी त्यांच्याकडे जाऊन बसायला लागले.

दोन वर्षांपूर्वी लिस्ट चालवणारी सेवा बंद होणार असल्याचं कळलं. जुनी पत्रं उतरवून घ्यायची होती. मी ती एकेक घेत होते. परत पाठवलेली पत्रंही मास्तरांनी टाकली नव्हती, ती एका वेगळ्या कप्प्यात होती. त्यातही बहुतेक गुलाबच. चार वर्षांपूर्वीचं एक पत्र मात्र मी उघडलं, कारण पत्त्यात माणसाचं नाव नव्हतं, नुसते आकडे आणि कुठल्याशा परदेशी हॉस्पिटलचं नाव होतं. विषय कोरा. मजकूर कोरा. आत तीन फोटो होते, कागदाच्या तीन पानांचे. निळ्या शाईने, हाताने लिहिलेलं.

'पप्पा, माका मराठी टायपिंग येणा नाय, म्हणान हातान लिवतंय आणि फोटो धाडतंय. तुमचो जुनो पत्तो बंद आसा. वर्गाच्या पाटीवरचो हो पत्तो माज्या ध्यानात होतो.' पुढे खूप काही. तिला मुलगी झाली होती. नाव रुजाय ठेवलं होतं. तिला झोपवताना आपण हल्ली आईचं गाणं म्हणतो आणि मधलं कडवं आठवत नाही, ते तुम्हाला आठवतं का, असं विचारलं होतं. शेवटी लिहिलं होतं: 'नाताळाक येव काय? तुमी ये म्हटलास तर येतंय. उत्तर एका शब्दाचां आसला तरी चलात. फिलू.'

मी जुनं रजिस्टर काढलं. त्या तारखेला मास्तरांच्या सुबक अक्षरात ओळ होती: 'अनोळखी पत्ता. विषय नाही. फार मोठं. नटलेलं. परत.'

म्हणजे बापाला तीन पानं लिहिणाऱ्या पोरीला बापाच्या सहीने उत्तर गेलं होतं: कृपया साध्या मजकुरात पुन्हा पाठवावे. आणि तो नियम माझ्या गणपतीमुळे झालेला. त्या दिवशी मी त्यांना काहीच सांगितलं नाही. डोकं दुखतं म्हणून घरी आले. वाटलं, पुसून टाकावं. डोळ्यांनी दिसत नाही, कोण सांगणार आहे? मग आमचे हे म्हणाले, "त्या माणसान कोणाची बातमी कधी दाबून ठेवली?" 

सकाळी गेले आणि पत्र वाचून दाखवलं. तिन्ही पानं, शेवटपर्यंत. मास्तर हलले नाहीत. बोटही हललं नाही. मग म्हणाले, "रजिस्टर बगलास?"

"होय."

"वाचा."

मी ती ओळ वाचली.

"माजां अक्षर?"

"तुमचंच."

"उघडूक नाय मी," ते म्हणाले. "नुसतां केवढां आसा तां बगलंय. इतकी वर्सां माका वाटा, बाहेरसून बगून कळता आत काय आसा तां. बाई, पोच दिलंय नाय मी. उलट परत धाडलंय." आणि तारमास्तर रडले. मी त्यांना इतक्या वर्षांत प्रथमच रडताना पाहिलं.

मी म्हटलं, "एक शब्द कळवू या. 'ये'. तिने तेवढंच मागितलंय."

"तो शब्द तिका चार वर्सां आदी होयो होतो. आता तो पुरूचो नाय."

आणि मग ज्या माणसाने वर्षानुवर्षं माझ्या पत्रांतलं 'बाकी सर्व ठीक'सुद्धा फुकटचे शब्द म्हणून कापलं होतं, त्याने तीन सकाळी मला पत्र सांगितलं. रुजायला पहिल्यांदा कुठे बघितलं. फिलू जन्मली तेव्हा आपण कुठल्या समुद्रात होतो. ती तार कशी घेतली. तेवीस दिवस एकेक करून. गाण्याचं मधलं कडवं त्यांना येत होतं. ते त्यांनी आधी म्हणून बघितलं, मग मला लिहायला लावलं. मध्येच थांबून विचारायचे, "लांब झाला काय?" मी म्हणायचे, नाही. शेवटी म्हणाले, ह्यात नातीसाठी एक फूल घाला, रंगीत. मी लाल जास्वंद घातली.

मी पाठवायचं बटण दाबलं. एका मिनिटाच्या आत उत्तर आलं. मास्तरांना आवाज कळला, ते खुर्चीत ताठ झाले. "फिलू?"

मशीनचं पत्र होतं. हा पत्ता आता अस्तित्वात नाही, आपले पत्र परत करण्यात येत आहे. त्यांना ते वाचून दाखवणं हे मी आयुष्यात केलेलं सगळ्यात वाईट काम.

आम्ही शोधलं. मावशी वारली होती, तिची मुलं पांगली होती. फिलूचं लग्नानंतरचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. हॉस्पिटलने कळवलं की सोडून गेलेल्यांची माहिती देता येत नाही. त्याच आठवड्यात मास्तरांनी नियम बदलला. जुना पत्ता आम्ही धडपडून दुसऱ्या सेवेवर चालू ठेवला. त्यावर आता काहीही आलं तरी घ्यायचं, उघडायचं आणि पोच द्यायची. रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात आता 'परत' लिहायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं.

त्यांचं शेवटचं दर्शन मला नेहमी तेच आठवतं. गेले त्याच्या आदल्या आठवड्यातली सकाळ. मला जायला उशीर झाला होता. दार उघडंच होतं. मास्तर पडद्याला जवळजवळ नाक लावून, हातात मोठं भिंग घेऊन बसले होते. पडद्यावर कुठल्यातरी अनोळखी माणसाने जगभर पाठवलेला गुलाब होता, पाकळ्यांवर चमचमणारं दव, खाली शुभ सकाळ. मास्तर भिंग एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हळूहळू नेत होते. माझी चाहूल लागली तशी त्यांनी मान न वळवता हाक मारली.

"बाई, वायच हंय येवा. ह्या फुलाच्या मागे हातान कायतरी लिवलेला आसा काय, बगा."